वाळूतून निघालेला तांब्या

आखातात, खलिफा सिटीत आम्ही ज्यांच्याकडे कामाला होतो ते साहेब इंग्रज होते. हे त्यांची गाडी चालवायचे, मी घरातलं बघायची, आणि मागच्या अंगणातली एक खोली आम्हाला दिलेली होती. साहेबांना एक नाद होता. लांब दांड्याला खाली थाळीसारखं चाक, असं एक यंत्र त्यांनी विलायतेहून आणलं होतं. वाळूवरून फिरवलं की खाली धातू असेल तिथे ते कुंई करून वाजायचं. शुक्रवारी सकाळी साहेब ते घेऊन निघायचे आणि जे निघेल ते बादलीत घालून आणायचे. ते धुवायचं काम माझं.

गंजके डबे आणि खिळे नेहमीचेच. पण एकदा साखळी निघाली, तिच्या पट्ट्यात कुत्र्याच्या मानेची हाडं अडकलेली. एकदा माणसाची कवळी निघाली, तारेसकट. मी किंचाळले तेव्हा हे हसून म्हणाले, "अगं, ओरडतेस काय? चावते का ती?"

त्या शुक्रवारी बादलीत एकच वस्तू होती. मजुरांचा एक जुना लेबर कॅम्प पाडून टाकला होता, त्याच्या मागच्या मोकळ्या वाळूत साहेबांना ती हातभर खाली सापडली. हिरवा पडलेला तांब्या, तोंडाला फडकं, फडक्यावर तार आवळलेली.

"ट्रेझर!" साहेब म्हणाले. "व्हेरी ओल्ड. केअरफुल, हां?" आणि हसत आत चहा प्यायला गेले.

मी मागच्या नळावर बसून लिंबू-मिठाने तांब्या घासायला घेतला. हिरवं निघालं तसे गळ्याखाली बारीक ठिपके दिसू लागले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसे ठिपके. मी बोट ठेवून वाचत गेले. एका माणसाचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, लग्नात मामांकडून भेट, आणि शेवटी गाव. ते गाव माझ्या माहेरापासून दोन कोसांवर आहे. मला इतका आनंद झाला की मी यांना हाका मारत सुटले, आणि त्याच भरात तार उलगडून फडकं ओढलं, आत हात घातला.

आत राख होती. राखेत पांढरे तुकडे होते आणि एक तुळशीची माळ होती.

मी हात बाहेर काढला तर लिंबाच्या रसाने ओल्या बोटांना ती राख चिकटलेली. तेवढ्यात साहेब हातात वर्तमानपत्र घेऊन आले, आतलं त्यावर ओतून बघायला. मी तांब्याच्या तोंडावर पालथा हात ठेवला आणि म्हणाले, "नो सर." तीन वर्षांत मी त्यांना नाही म्हटलेलं नव्हतं. साहेब चकित होऊन बघत राहिले.

हे धावत आले. आत बघितलं आणि यांचाही चेहरा उतरला. यांनी साहेबांना इंग्रजीत समजावलं. साहेब पांढरेफटक पडले. नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले. म्हणाले, पोलिसांना कळवायला हवं.

"सर, प्लीज, आधी फॅमिलीला विचारतो," हे म्हणाले. "नाव आहे. गाव आहे. थोडे दिवस द्या."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. ते यंत्र त्यांनी गॅरेजमध्ये ठेवलं.

अस्थी घरात आणत नाहीत. यांनी तांब्याला नवं फडकं बांधलं आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला टांगला. साहेबांच्या मॅडमनी मागच्या अंगणात येणं सोडलं. मी पत्र लिहायला बसले. त्या बाईंचं नाव लिहिलं, पण अस्थी हा शब्द काही हातून उतरेना. दूर देशातून एका परक्या बाईने तिला हे कसं लिहायचं? शेवटी एवढंच लिहिलं, की तुमच्या लग्नातला तांब्या इथे सापडला आहे, काय करायचं ते कळवा.

महिन्याने उत्तर आलं. ते मी यांना वाचून दाखवलं.

त्या बाईंनी लिहिलं होतं, "ताई, तुम्ही माझ्या बहिणीसारख्या. हे तिकडेच वारले. ह्यांचे सोबती अस्थी घेऊन आले, स्टीलच्या डब्यात. आम्ही नदीवर नेऊन सोडल्या, मला हातात घेऊ दिल्या. त्या भाऊंचे उपकार मी विसरणार नाही. तांब्या कॅम्पात हरवला असं ते म्हणाले होते. मिळाला तर पाठवा. ह्यांच्या हातातली तेवढीच वस्तू."

मी कागद खाली ठेवला. "मग झाडावर कोण आहे?"

"तोच."

"आणि नदीत काय सोडलं?"

यांनी झाडाकडे बघितलं. मग म्हणाले, "कॅम्पात एका खोलीत दहा-बारा माणसं. अस्थी आत कोण ठेवू देईल? आपल्याकडे झाडाला टांगतात, तिथे झाड कुठलं? पुरला असेल त्या सोबत्याने बाहेर वाळूत, सुट्टी मिळेपर्यंत. वारा सुटला की इथली वाळू जागेवर राहते का? उकरून उकरून थकला असेल. विमान उद्याचं. तिकडे ती वाट बघतेय."

"म्हणून चुलीतली राख न्यायची?"

"कुठली नेली कोण जाणे." मग हळूच म्हणाले, "मीही तेच केलं असतं."

मी यांच्याकडे बघतच राहिले. तांब्यात हात घातला तेव्हासुद्धा मी इतकी हादरले नव्हते. या माणसाबरोबर माझी सोळा वर्षं गेली होती. उद्या मी गावी असताना यांचं इथे काही झालं तर मलाही कुणी असाच डबा आणून देईल, आणि मी उपकार मानीन.

"खरं लिहू का तिला?" मी विचारलं.

"लिही. पण मग तिने काय करायचं ते पण लिही."

ते मला सुचलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही समुद्रावर गेलो. साहेबही आले, टोपी काढून लांब उभे राहिले. हे गुडघाभर पाण्यात उतरले. मंत्र येत नव्हते, म्हणून यांनी त्या माणसाचं नाव घेतलं, बायकोचं घेतलं, गावाचं घेतलं, आणि तांब्या कलता केला. माळही सोडली. वाऱ्याने थोडी राख उलट माझ्या पदरावर आली. मी ती झटकली नाही, पाण्यात उतरून पदर बुडवला.

तांब्या घासून लख्ख केला आणि गावाकडे निघालेल्या एका ड्रायव्हरजवळ दिला. बरोबर चिठ्ठी दिली. तीत लिहिलं, "बाई, तांब्या पाठवते आहे. रिकामाच सापडला." चिठ्ठीची घडी करण्याआधी मी ती पुन्हा वाचली, पण बदलली नाही.