साडेअकराचं कुलूप

जानेवारीत नागपूरवर लिहिलेल्या माझ्या लेखात नेहमीचं सगळं होतं: कळमन्याच्या मिरची बाजाराची वाट, तर्री पोहे, परतीची गाडी. मध्येच एक फोटो होता. निळ्या दाराची एका खोलीची अंगणवाडी आणि दाराला कुलूप. खाली मी लिहिलं होतं, ‘सकाळचे साडेअकरा. गरिबांच्या मुलांसाठीची सरकारी सोय, तुमच्याआमच्या पैशातली.’ बाजाराच्या वर्णनापेक्षा लोकांनी हाच फोटो जास्त पुढे पाठवला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली. ‘भाऊ, हे दार माझ्या अंगणवाडीचं आहे. कुलूपही मीच लावलं होतं. तुम्ही फोटो काढला त्या दिवशी माझी सव्वीस लेकरं जेवली. कुठं जेवली ते पाहायचं असेल तर या.’

खाली फोन नंबर होता. फोन केल्यावर कळलं की माझा फोटो फिरत फिरत त्यांच्या कार्यालयात पोचला होता आणि त्यांना ‘सेवा समाप्त का करू नये’ अशी नोटीस आली होती. गुरुवारी लेखी उत्तर घेऊन हजर व्हायचं होतं. अंगणवाडी सेविका म्हणून त्यांची अठरा वर्षं झाली होती. मी विचारलं, “मी काय करू?” त्या म्हणाल्या, “या, पाहा. मंग ठरवा.”

मी नाशिकला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. संदर्भ तपासलेला नसेल तर विद्यार्थ्याची वही परत करतो. मंगळवारी संध्याकाळी नाशिकरोडला गाडीत बसताना हीच गोष्ट डोक्यात फिरत होती. पुढचं सगळं त्या बाईंच्या परवानगीनं लिहितो आहे. नावं बदलली आहेत, वस्तीचं नाव देत नाही. त्यांना प्रमिलाताई म्हणू.

बुधवारी सकाळी नागपूर. स्टेशनवरून मेट्रोनं प्रजापतीनगर, म्हणजे पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन. तिथून पुढे ऑटो. ऑटोवाल्यानं ऐंशी सांगितले आणि साठला तयार झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच ऊन असं की पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल हवाच. मिरची बाजाराकडे जाणार असाल तर नाकालाही हवा. बाजार दिसायच्या अर्धा किलोमीटर आधीच शिंका सुरू होतात.

निळं दार उघडं होतं. दारात झाडू घेऊन उभी असलेली मदतनीस, रेखा, माझ्याकडे बघून आत ओरडली, “ताई, आले वं तुमचे फोटोवाले!”

प्रमिलाताई बाहेर आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. “जय भीम भाऊ. चहा झाला का?” एवढंच. मी रस्ताभर जुळवलेली माफीची वाक्यं तोंडातच राहिली, कारण तेवढ्यात एका मुलानं दुसऱ्याच्या डोक्यात ठोकळा मारला.

खोली साधारण दहा बाय बाराची. भिंतीवर हातानं काढलेले आंबा, बैल आणि बस. कोपऱ्यात वजनकाटा. सतरंजीवर आठ मुलं. पटावर सव्वीस. बाकीची कुठं, असं मी विचारलं. “साडेअकराले दाखवते,” ताई म्हणाल्या.

दहाच्या सुमारास बचत गटाच्या बायका खिचडीचे दोन मोठे डबे ऑटोतून उतरवून गेल्या. आठ मुलांनी आधी गाणं म्हटलं, मग जेवली. ताईंनी मोबाइलवर हजेरीचा फोटो काढला. नेटवर्क नव्हतं म्हणून फोन खिडकीच्या गजांतून बाहेर धरून उभ्या राहिल्या. तोवर रेखानं प्रत्येक मुलाला हाताला धरून त्याच्या घरी पोचवलं. साडेअकराला दोघींनी एकेक डबा उचलला, ताईंनी खांद्याला पिशवी लावली आणि दाराला कुलूप घातलं.

कुलपाचा तो आवाज. माझा फोटो याच क्षणानंतर दोन-चार मिनिटांत काढलेला असणार. मी तिथं किती वेळ थांबलो होतो, हे आठवायचा प्रयत्न केला. एक मिनिटसुद्धा नसेल.

“शेजारच्या घरी इचारलं असतं तरी सांगतलं असतं कोणी,” ताई चालता चालता म्हणाल्या. रागानं नाही. रस्ता सांगावा तसं.

बाजार वीस मिनिटांच्या अंतरावर. मिरचीच्या हंगामात वस्तीतल्या बायका पहाटेच कामावर जातात: मिरची निवडायची, देठ खुडायचे, पोती भरायची. घरी सांभाळायला कुणी नसलेली मुलं त्यांच्याबरोबरच जातात. ताईंच्या पटावरची उरलेली अठरा मुलं अशीच दुपारपर्यंत पोत्यांच्या आडोशाला असतात. पहिल्या वर्षी ताईंनी आयांना समजावलं, मुलांना केंद्रात सोडून जा म्हणून. पहाटे पाचला केंद्र कसं उघडणार, असं आयांनी विचारलं. तेव्हापासून हंगामाचे तीन-चार महिने डबे बाजारात जातात.

शेडमध्ये लाल ढीग माणसाच्या उंचीचे. मुलं ताईंना बघून धावली आणि एका रांगेत बसली. खिचडी लगेच वाढतील असं मला वाटलं. पण ताईंनी पिशवीतून आधी खोबरेल तेलाची बाटली काढली. रेखा एकेका मुलाच्या तळहातावर चार थेंब टाकून चोळायची, मग साबण, मग पाणी, मग फडकं. मिरचीची आग नुसत्या पाण्यानं जात नाही. तो हात डोळ्याला लागला की मूल दिवसभर रडतं. धुतलेला हात वर धरायचा, खाली टेकवायचा नाही, ही शिस्त. अठरा मुलांचे छत्तीस हात हवेत आणि ताई पुढून चमचे वाटत येत होत्या. दोन बायकांचं काम होतं ते. एकीनं हात धुवायचे, दुसरीनं लगेच चमचा द्यायचा, नाही तर मूल पुन्हा मिरचीला हात लावतं.

पलीकडे देठ खुडणारी एक बाई, मंदा, माझ्याकडे बघून शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, “हाच का वं तो? दिसते तं चांगल्या घरचा.”

“चांगल्या घरचाच आहे,” शेजारीण म्हणाली. “म्हणूनच तं त्याले फक्त दार दिसलं.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि का हसलो याचा विचार पुढचा तासभर करत राहिलो. मंदानं मग तिच्या पोराकडे बोट दाखवलं. “काहून नोकरी घालवता आमच्या ताईची? हा मागच्या साली वजनाले किती कमी होता, इचारा तिले.” ताईंनी वजनाची वही उघडून दाखवली नाही. “भरला आता,” एवढंच म्हणाल्या.

परतताना मी माझी योजना सांगितली. मी कार्यालयात येईन आणि सांगेन की फोटो मी काढला आणि चूक माझी होती. ताई थांबल्या. “चूक तुमची सांगाल, पण कुलूप तं होतंच ना भाऊ. कुठं गेलो होतो ते सांगा लागेल. आन् नियमात जेवण केंद्रातच द्याचं आहे. बाहेर नेता येत नाही.”

म्हणजे मी खरं सांगितलं तर त्या कामचुकार ठरणार नव्हत्या, नियम मोडणाऱ्या ठरणार होत्या. हे मला नाशिकहून निघताना सुचलं नव्हतं.

गुरुवारी कार्यालयाची वेळ दुपारी तीनची होती. सकाळी इतवारीत गेलो. भांड्यांची गल्ली, कापडाची गल्ली, हातगाड्यांमधून अंग चोरत चालायचं. सकाळी दहाच्या आत गेलात तर निवांत बघता येतं, नंतर टेम्पो शिरतात. मी फारसं काही पाहिलं नाही. एका टपरीवर दोन चहा घेतले आणि कोऱ्या कागदावर निवेदन लिहिलं: ‘सदर छायाचित्र मी रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी काढले होते. लेखात वार लिहिण्याचे राहून गेले.’ चार ओळींत प्रश्न मिटत होता. खाली सही करताना हात थांबला नाही, हेही इथं नोंदवून ठेवतो. मी आयुष्यात इतकं सफाईदार खोटं लिहिलं नव्हतं आणि ते लिहिताना मला स्वतःबद्दल चांगलंच वाटत होतं.

कार्यालयाबाहेरच्या बाकावर ताईंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. घडी घातली आणि मला परत दिला.

“का?” मी विचारलं. “कुणाचं नुकसान आहे यात?”

“रविवार लिहाल, तं मी सुटून जाईन. मंग माह्ये लेकरं तिकडं मिरचीत बसून जेवतात, हे कागदावर कधी येईन? अठरा वर्षांत एकदा तरी कोणी इचारलं, कुठं गेली होती म्हणून. आता इचारलं तं सांगते ना.”

“आणि काढून टाकलं तर?”

त्यांनी चष्मा काढला. पदरानं पुसला.

त्यांचं उत्तर दोन पानी होतं, सरळ अक्षरात. कुलूप लावते. डबे नेते. इतक्या मुलांच्या आया इतक्या वाजता कामावर जातात. शेवटी विनंती: हंगामापुरती बाजारात जेवण देण्याची परवानगी द्यावी. अधिकारी मॅडमनी सगळं वाचलं. त्या वयानं माझ्याएवढ्या, टेबलावर फायलींचा ढीग. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेचा मला अजून अर्थ लावता आलेला नाही.

“प्रमिलाताई, तिथं ट्रक फिरतात,” त्या म्हणाल्या. “एखाद्या लेकराला काही झालं तर उत्तर तुम्ही देणार की मी?”

“ट्रक तं आम्ही नसलो तरी फिरतात, मॅडम. लेकरं तिथंच असतात.”

मॅडमनी ती दोन पानं पुन्हा चाळली. मग पेन घेतलं. नोकरी राहिली. समज देऊन नोटीस बंद केली आणि परवानगीचा अर्ज वर पाठवते म्हणाल्या. मात्र एक अट घातली: केंद्राच्या वेळेत दाराला कुलूप दिसता कामा नये. “पुन्हा फोटो आला तर मला वाचवता येणार नाही तुम्हाला.” बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

बाहेर आल्यावर मी आनंदानं काहीतरी बोललो. ताई म्हणाल्या, “हो, बरं झालं.” आणि ऑटो शोधायला लागल्या. त्या काय हिशेब करत होत्या ते मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं निघालो.

नाशिकला येऊन आता तीन आठवडे झाले. जुन्या लेखातला फोटो काढून टाकावा असं पहिल्या दिवशी वाटलं. पण काढला तर माझी चूक मिटेल, पुढे पाठवलेले फोटो फिरतच राहतील. म्हणून तो तिथंच ठेवला आहे आणि त्याच्याखाली त्या दिवशी मुलं कुठं जेवत होती ते लिहिलं आहे. ही दुरुस्ती कुणी पुढे पाठवल्याचं मला दिसलेलं नाही. रविवारवालं निवेदन माझ्या पाकिटात आहे. फाडायचं राहतंय असं मी म्हणतो, पण खरं तर ते तिथं असावं असंच मला वाटतं.

काल ताईंना फोन केला. वरून उत्तर आलेलं नाही. आता रेखा दार उघडं ठेवून एक वाजेपर्यंत केंद्रात बसते. आठ मुलं जेवून घरी गेलेली असतात आणि ती रिकाम्या खोलीत बसते. ताई एकट्या बाजारात जातात. डबे दोन, म्हणून फेऱ्याही दोन.

“आणि तेल? हात कोण धुतं?”

“मंदा धुते. काम सोडून येते अर्धा तास. पहिल्या दिवशी कोणीच नव्हतं, तं तिच्याच पोराच्या डोळ्यात गेली मिरची.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिनं निरोप देल्ला तुमाले,” ताई म्हणाल्या. “म्हणते, त्या फोटोवाल्या भाऊले सांगजा, दार आता उघडं असते, काढ म्हणा फोटो. आन् ते झालं की ये इकडं, हात धुवाले.”

मी हसलो. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही. मागे कुणीतरी मूल रडत होतं आणि ताईंना फोन ठेवायची घाई होती.