लग्नाच्या तोंडावर बंदूक दुरुस्तीला

मागच्या महिन्यात एका सकाळी चचा म्हणाले, बंदूक लखनौला मिस्त्रीकडे टाकायची आहे.

चचा म्हणजे माझे मालक. मलिहाबादला त्यांची आंब्याची बाग आहे, मी त्यांची पिकअप चालवतो. गाव माझं हिंगोलीकडचं, शाळा आठवीत सुटली. मग पुणे झालं, सुरत झालं, कुठंच टिकलो नाही... इथं कसा काय टिकलो याचं आईला अजून नवल वाटतं.

बंदूक जुनी दुनळी, लायसन चचांच्या नावावर. वर्षभर कपाटात असते, बाहेर निघते ती लग्नात. वरात दारात आली की हवेत बार काढायचे, ही इकडची शान. कायद्यानं बंदी आहे, पण ऐकतो कोण...

आणि या वेळी तर चचांच्याच मुलीचं, गुड्डीचं लग्न. त्यांच्या पुतण्यांनी मला शब्द दिला होता, "मराठा, एक फायर तेरा भी!" मी गावच्या ग्रुपवर सांगूनही बसलो होतो, व्हिडिओ येतोय म्हणून.

त्यामुळं दुरुस्ती म्हटल्यावर घाई मलाच. म्हटलं, चचा, लग्नघर सोडून तुम्ही कशाला येता? सीझनला आपण दशहरी आंबे पाठवतो तसं करू, पेटीत गवत घालून कुरिअरला टाकून देतो.

चचांनी चहाचा कप खाली ठेवला. "बेटा, ये दशहरी नहीं है. जिसका लाइसेंस, वही लेकर जाएगा. तुम पेटी में भेजोगे तो पीछे-पीछे हम दोनों भी जाएँगे... जेल."

मग निघालो. काडतुसं घरी, बंदुकीचे दोन भाग कव्हरमध्ये, लायसन चचांच्या खिशात. दोन्ही बाजूंच्या बागा मोहोरानं भरलेल्या, पण चचांचं लक्ष नव्हतं. मीच विचारत होतो, काय बिघडलंय, लग्नापर्यंत होईल ना... ते आपले "देखते हैं."

मिस्त्रींचं दुकान जुन्या बाजारात. म्हातारे गृहस्थ. त्यांनी बंदूक जोडली, घोडे ओढून पाहिले, नळी उजेडाकडे धरून आत बघितलं. म्हणाले, "भाई साहब, ये तो बिल्कुल तंदुरुस्त है."

"हाँ," चचा म्हणाले. "बिटिया की शादी तक रख लीजिए."

मिस्त्री हसले आणि मागचं लोखंडी कपाट उघडलं. आत ओळीनं बंदुका उभ्या. "रख दीजिए, अकेली नहीं रहेगी. इन सबके घर में भी शादी है."

मला काही कळेना. रीतसर पावती घेऊन बाहेर आलो, चहा घेतला, तेव्हा चचा बोलले. त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नात याच बंदुकीनं बार काढताना एका पाहुण्याचा हात खाली आला. छर्रे बँडवाल्याच्या मनगटात गेले. क्लॅरिनेट वाजवायचा बिचारा... परत कधी वाजवू शकला नाही.

मी म्हटलं, मग सरळ नाही म्हणायचं ना सगळ्यांना. चचा म्हणाले, "बंदूक घर में हो और न दें, तो मेहमान की बेइज़्ज़ती. मिस्त्री के यहाँ हो... तो किसी की नहीं."

खरं सांगू, मला रागच आला. माझा बार गेला होता ना.

लग्नाच्या दुपारी व्हायचं तेच झालं. फूफाजींनी विचारलं, "बंदूक कहाँ है?" फूफा म्हणजे गुड्डीच्या आत्याचे यजमान. इकडच्या लग्नात रुसण्याचा पहिला मान त्यांचा. रुसले की जेवण सोडून उठतात, मग सगळं घर त्यांच्या मागं धावतं.

चचांनी सांगितलं, दुरुस्तीला दिलीये. फूफाजी म्हणाले, "तो मँगवा लो. बारात को अभी बहुत टाइम है, मराठा गाड़ी निकालेगा, तुम साथ बैठ जाना." आणि एकदम माझ्याकडे वळले. "तू गया था न साथ? क्या बिगड़ा है उसमें?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुतणे मागून डोळे मिचकावत होते. चचा मात्र खाली बघून झेंडूच्या माळेचा गुंता सोडवत होते. मी "काही नाही" एवढं म्हणालो असतो तरी बंदूक आली असती, माझा बारही झाला असता.

तोंडात आलं ते बोललो, स्प्रिंगचं नाव घेतलं. "फूफाजी, घोड़े की कमानी टूट गई है. पूरी खुली पड़ी है, नई कमानी बनेगी तब जुड़ेगी."

फूफाजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वाह, तू तो मिस्त्री हो गया!" मग खुर्चीत टेकले. सगळे पांगल्यावर मला जवळ बोलावलं आणि खांदा चोळत हळूच म्हणाले, "चलो, अच्छा हुआ. पिछली शादी में ऐसा धक्का लगा कि हाथ ही नहीं उठता था. किसी से कहना मत."

म्हणजे तेही सुटलेच होते!

संध्याकाळी वरात आली. बँड, नाच, फटाके... बार नाही. एरवी वरात जवळ आली की छतावरच्या बायकांना ओरडून आत घेतात. या वेळी कुणी हटकलं नाही, सगळं छत भरलेलं. गुड्डीसुद्धा मेंदीचे हात कठड्यावर टेकून स्वतःची वरात बघत होती. चचा खाली हार घेऊन उभे, वरात समोर आली तरी वर तिच्याकडेच बघत होते.

हे मराठीत लिहितोय, कारण फूफाजी पण फेसबुकवर आहेत.

आजवर मला नाही म्हणायचं असलं की मी भांडून निघून जायचो, म्हणून तर इतकी गावं झाली. कुणाला न दुखवताही नाही म्हणता येतं, हे चचांकडे बघून कळलं... शुक्रिया, चचा.