दाराखालची फट

मानवतच्या सगुणाबाईनं अर्धी उमर गवंड्याच्या हाताखाली काढली. आता उन्हाळ्यात कुणाची एसीची खोली गार होईना, की लोक तिला बोलावतात. ती उदबत्ती पेटवून दारं-खिडक्यांच्या कडेनं फिरवते. धूर जिथं ओढला जातो तिथं फट.

त्या मे महिन्यात तिला मन्मथअप्पांनी आपल्या झोपायच्या खोलीसाठी बोलावलं. म्हाताऱ्याला जवळपास ऐकूच येत नव्हतं. मुलगा शिवकांत आडतीवर गेला होता. सून स्वप्ना माहेरी गंगाखेडला गेलीय, असं त्यानं बापाला सांगितलं होतं.

धूर लोखंडी कपाटाखाली ओढला गेला. सगुणाबाई जमिनीवर पालथी झाली. कपाटामागं दार होतं, अन् दाराखालून चार बोटं बाहेर आलेली. नखं तुटलेली, रक्त सुकलेलं. फटीत कोंबलेलं फडकं त्या बोटांनी गार हवेसाठी उपसून काढलं होतं.

“पानी,” आतून आवाज आला.

तिनं अप्पांचा हात धरून त्यांना खाली बसवलं, बोटं दाखवली. दोघांनी कपाट रेटलं, कडी काढली. पत्र्याच्या त्या अडगळीच्या खोलीतून भट्टीसारखी धग आली. स्वप्ना जमिनीला गाल लावून पडली होती. ओठ फाटलेला, एक डोळा बंद, पाठीवर पट्ट्याचे वळ.

“माहेरी जाते म्हनले म्हून कोंडलंय, मावशी.”

तेवढ्यात शिवकांत आला. त्यानं सगुणाबाईचे केस धरून तिचं तोंड कपाटाच्या कडेवर आपटलं. दोन दात खाली पडले.

“तुझं काम फट बुजवायचं हाय. बुजव अन् निघ.”

तिनं कमरेला खोचलेली गवंडीकामाची थापी ओढली. तिनं ती आडवी धरून त्याच्या मनगटावर हाणली. हाड वाजलं. त्यानं दुसऱ्या हातानं तिचा गळा आवळला. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली अन् एकदम हात सुटला. अप्पांनी काठी मुलाच्या डोक्यात घातली होती. तो पडला तरी म्हातारा मारतच राहिला. फरशीवर रक्त पसरलं.

“बास अप्पा, मरंल त्यो,” सगुणाबाई ओरडली. त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी तिनं त्यांना मागून मिठी मारून थांबवलं.

शिवकांत वाचला, दवाखान्यातूनच पोलिसांनी त्याला नेलं. जबाब देताना अप्पा एवढंच म्हणाले, “मीच मारलं. भिंतीपल्याड सून मरायली होती अन् मी इकडं गार झोपत होतो.”

केस चालू आहे. स्वप्ना आता गंगाखेडला माहेरीच असते, तारखेला येऊन उभी राहते. तिच्याबरोबर साक्षीला सगुणाबाईही जाते. गळा आवळलेल्या त्या दिवसापासून सगुणाबाईचा आवाज घोगराच राहिला.