आतून कडी असलेली खोली
एस्प्लनेडला मेट्रोतून वर आलं की झालमुडीतल्या, म्हणजे इथल्या बंगाली भेळेतल्या, कच्च्या मोहरीच्या तेलाचा वास नाकात शिरतो आणि मला थेट बराकपूरच्या कोर्टातली ती खोली आठवते. शेजारची मुलगी, आपल्या लातूरकडची. नवऱ्याच्या मारहाणीची केस चालू होती आणि इथे तिचं कुणी नाही म्हणून मी सोबत जायचे. आधीच्या तारखांना व्हरांड्यातल्या बाकावर तो नवराही मुद्दाम शेजारी येऊन बसायचा, हळूच काहीतरी धमकी द्यायचा, आणि मग आत गेल्यावर ही नुसती पुटपुटायची. न्यायाधीश दर वेळी म्हणायचे, "बेटी, ज़रा ज़ोर से." सरकारी वकीलबाईंनी हे बरोबर हेरलं. न्यायाधीशांच्या मागे लागून मोडक्या खुर्च्यांनी भरलेली एक खोली त्यांनी अशा बायकांना बसायला रिकामी करून घेतली. पुढच्या तारखेला आम्ही पहिल्यांदा तिथे बसलो. हिने उठून दाराला आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. "काकू, घरी कडी तो लावायचा, बाहेरून," म्हणाली आणि हसतच सुटली. मग मीही. वकीलबाईंनी झालमुडीचा पुडा पुढे केला, तो तिघींनी मिळून फस्त केला. तेवढ्यात पुकारा झाला. ही उभी राहिली आणि अशी खणखणीत बोलायला लागली की न्यायाधीशांनी हात वर केला, "धीरे, बेटी, सुनाई दे रहा है." सगळं कोर्ट हसलं, एक तिचा नवरा सोडून. आता ती न्यू टाउनला नोकरी करते, आणि तिचा फोन आला की मी तो कानापासून वीतभर लांब धरते.