प्याद्यानं केलेली मात

काल सुतारानं नव्या दाराला जवसाचं तेल लावलं, आणि त्या वासासरशी मी लोहाऱ्यात, मामाच्या ओसरीवर जाऊन बसले. निजामाचं राज्य होतं तेव्हा, आणि मी दहा वर्षांची. मामाच्या बुद्धिबळाचे लाकडी मोहरे असंच तेल पिऊन चकाकायचे.

मामानं पंधरा दिवस मला नुसती प्यादीच खेळायला दिली. "वजिराला हात लावायचा न्हाय. प्यादं सरळ चालतं, तिरपं मारतं अन् माघारी येत न्हाय. आधी एवढं शीक." मला लई राग यायचा. बाकीचे मोहरे मिळाले तेव्हा त्यांच्या चाली कशाबशा पाठ केल्या.

एका दुपारी गावचे पटवारी आले. मामा जेवत होता. "तवर तूच बस गं पोरी," ते हसत म्हणाले.

ते सारखे माझ्या वजिरावर डोळा ठेवून होते. माझी प्यादी मात्र एकमेकांना जोर देत पुढं सरकत राहिली. त्यांचा राजा कोपऱ्यात अडकला, तेव्हा मी एक प्यादं एक घर पुढं केलं. "शह."

त्यांनी पान चघळायचं थांबवलं. राजाला जायला घरच नव्हतं.

"पटवारीसाब, प्यादेमात!" मामा खरकट्या हातानंच दारातून ओरडला. आमच्याकडं प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची, आणि खाणाऱ्याला सगळ्यात झोंबणारी.

पटवाऱ्यांनी टोपी सारखी केली. "मांडा बाई," ते म्हणाले, "परत डाव मांडा."

तोवर मला कुणी अहोजाहो केलं नव्हतं. मी डाव मांडला, पण अगदी सावकाश, त्यांना ताटकळत ठेवून.