ग्रीस लावलेलं ताट

पुंजारामाने जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या, पण फुशारकी मारली ती एकाच गोष्टीची. त्याची मुलगी विजयमाला मध्य प्रदेशात हिऱ्यांच्या खाणीत नोकरीला होती. श्रीगोंदा तालुक्यातल्या त्या गावात सुरुंगाचा आवाज सगळ्यांच्या कानांना सवयीचा, पण तो ऐकून दगडाच्या नादी लागलेली ही एकटीच. खाणकामाचा डिप्लोमा करते म्हणाली, तेव्हा भावकीने नाकं मुरडली होती. आता तीच भावकी हिऱ्याचा भाव विचारायला तिला फोन करायची.

दिवाळीला ती आली, तर बाप नवी टोपी घालून स्टँडवर हजर. तो खोदत असलेल्या कारभारीअण्णांच्या विहिरीत सुरुंग उडाल्यावर कपारीत चमचमणारे खडे लागले होते आणि पुंजारामाने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, हिरे आहेत. अण्णांनी काम थांबवून ढिगावर ताडपत्री टाकली होती, वर पेढेही वाटले होते.

"माझी पोर आली की सांगंल, असं बोलून बसलोय," पुंजाराम वाटेत म्हणाला. "तू निस्तं व्हय म्हन."

विहिरीवर निम्मं गाव जमलेलं. विजयमालाने ताडपत्री उचलली आणि एक खडा उन्हात फिरवून बघितला. खडे देखणे होते, पण आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पाणी मुरून होणारे साधे स्फटिक. 'व्हय' म्हणायला काय लागत होतं? बाप तर आधीच मिशीत हसत उभा होता. ही टोपी आपल्याच हाताने खाली पाडायची, या विचाराने तिचा जीव तुटला.

तिने एक ताट आणि ट्रॅक्टरचं ग्रीस मागवलं. ताटाला जाड थर फासला.

"आमच्या खाणीत आसंच करत्यात," ती म्हणाली. "हिऱ्याच्या अंगाला पानी धरत न्हाई, त्यो ग्रीसला चिकटून बसतो. बाकीचा दगड वाहून जातो."

तिने खडे भिजवून ताटात टाकले, ताट तिरकं धरलं आणि तांब्याने पाणी सोडलं. खडे एकामागून एक घरंगळत मातीत गेले. ताटात एकही उरला नाही.

"आपल्याकडं हिरा घावायचाच न्हाई," ती खाली बघत म्हणाली. "त्यो शंभर-दीडशे किलोमीटर खाली, लई दाबात आन् उष्णतेत तयार हुतो. तितक्या खोलातनं एखादा ज्वालामुखी उसळला, तरच झपाट्यानं वर येतो. आपला दगडबी ज्वालामुखीचाच, पर तितक्या खोलातला न्हाई."

कारभारीअण्णा हसले. "बापाचं मन तरी राखायचं हुतंस, पोरी."

विजयमालाला मान वर करवेना. पुंजाराम उकिडवा बसला, ताटातल्या ग्रीसवरून बोट फिरवून बघत राहिला. मग उठला, टोपी सारखी केली.

"अन्ना, पोरगी बापासाठीसुदिक खोटं बोलली न्हाई," तो म्हणाला. "आता ही ज्याला हिरा म्हनंल, त्यो डोळं झाकून घ्या." आणि ताडपत्रीची घडी घालून तो विहिरीत उतरला, राहिलेलं काम करायला.

पुढच्या बाजाराला श्रीगोंद्यात चहाच्या टपरीवर तो स्वतःच ही फजिती रंगवून सांगत होता. "माझ्या पोरीनं भर गावात मला खोटं पाडलं," हे तो अशा थाटात म्हणायचा, की ऐकणाऱ्या बापांना त्याचा हेवा वाटावा.