जो आधी ओरडेल त्याची चाल

अजूनही आठवलं की डोकं फिरतं माझं. खेळ चांगला होता, आमच्या आर्णीच्या पोरांनी त्याची पार वाट लावली होती.

दादा तेव्हा यवतमाळला अकरावीत होता. त्यानं कुठूनसा एक डबा आणला. आत जनावरांची चित्रं असलेली कार्डं आणि प्रत्येकाखाली त्या जनावराची ताकद इंग्रजीत लिहिलेली. ताकद काही फुकट नव्हती. हातातली दोन कार्डं आधी खड्ड्यात, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात टाकायची, ती गेलीच समजायचं, आणि मग जनावराचं नाव घेऊन ताकद सांगायची. दोघांनीही ताकद काढली तर आधी कोणाची चालणार? त्यावर आमच्या गल्लीचा कायदा होता, जो आधी ओरडेल त्याची.

आणि मी तोतरा.

त्यात 'क' आला की गळ्यात बैलबंडीच रुतायची. नशीब पाहा लेकाचं, माझं सगळ्यात भारी कार्ड कोणतं, तर कासव! समोरच्याची ताकद रद्द करणारं.

समोर बसायचा गॅरेजवाल्याचा पोरगा, माझ्याच वर्गातला. इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा गळा भोंग्यासारखा झाला होता. त्याच्या वाघाची ताकद म्हणजे समोरचं एक जनावर खाऊन टाकणं. त्यानं वाघाला हात लावला की मी घाईघाईनं दोन कार्डं खड्ड्यात टाकायचो, तोंड उघडायचो, "क... क..." तोवर हा बोंबलायचा, "वाघ! खाल्लं!" जनावर गेलं. मी टाकलेली दोन कार्डं मागायचो, तर म्हणायचा, "खड्ड्यातलं वापस नाई भेटत बे." तेलही गेलं, तूपही गेलं. असा संताप यायचा की कार्डं फाडून टाकावीत!

त्या हंगामात भाव पडलेला, म्हणून गल्लीत कोणी कापूस विकला नव्हता. आमची पुढची खोली छतापर्यंत भरलेली आणि आम्ही उरलेल्या कोपऱ्यात अंग खाजवत खेळायचो. बाबा रोज म्हणायचे, थांबा, भाव येईल. भावासाठी अख्खं घर थांबलं होतं, माझ्या एका शब्दासाठी कोणी थांबत नव्हतं. आईसुद्धा माझं वाक्य स्वतःच पुरं करून ताटात भाजी वाढायची. मला वरण पाहिजे असायचं. मी मुकाट्यानं भाजी खायचो. निदान खेळात तरी एकदा कासवाचं नाव माझ्या तोंडानं घ्यायचं होतं मला. बाकी काही नको होतं.

एका रविवारी दादा घरी आला आणि त्यानं डब्यातला नियमांचा कागद नीट वाचला. "अबे, उलटंच खेळून राह्यले ना तुमी!" तो कपाळावर हात मारत म्हणाला. एकानं ताकद सांगितली की त्यानं थांबायचं. समोरच्याला उत्तर द्यायची संधी द्यायची. आणि मागून दिलेलं उत्तर आधी लागू होतं. म्हणजे ओरडायची गरजच नाही! मला आनंद व्हायच्या आधी रागच आला. इतके दिवस काय झक मारली आम्ही?

गॅरेजवाल्याच्या पोरानं तोंड वाकडं केलं. मग म्हणाला, "लिहेल हाय तं हाय. चाल, वाघाची पैज. हरलो तं वाघ तुहा."

डाव रंगला. त्यानं दोन कार्डं टाकली, "वाघ," म्हणाला आणि खरंच गप्प बसला. मी माझी दोन टाकली. दादा माझ्या मागं उभा राहून बघत होता.

"क... क..."

तो माझ्याकडे बघत होता. हसला नाही. घाई नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला घाई नव्हती. शब्द गळ्यातून वर सरकत होता, मला कळत होतं. येत होता.

"कासव म्हणून राह्यला तो," मागून दादा बोलला. "वाघ रद्द."

झालं. डाव मी जिंकलो. दादानं माझी पाठ थोपटली.

"तुले कोनं इचारलं होतं?" मी किंचाळलो. एकदाही न अडखळता.

"च्या मायले! जितवलं तं उलटा भडकते!" दादा हसायला लागला.

गॅरेजवाल्याच्या पोरानं वाघ माझ्यासमोर ठेवला. मी तो परत सरकवला. त्यानं उचलला नाही. तो दादाकडे बघत होता.

"दादा, मी थांबलो होतो ना," तो म्हणाला. "तुमी काहून नाई थांबले?"